दाभणमावशी आणि दुखण्याची वेळ

बाइंडिंगच्या कारखान्यात सगळे तिला दाभणमावशी म्हणत. बत्तीस वर्षं ती शिलाईच्या टेबलावर होती. जाडजूड रजिस्टरमधून दाभण आरपार घालून दोरा ताणावा, तर तिनंच. दोन वर्षांपूर्वी सांधेवातानं तिची बोटं धरली. सकाळी मूठ वळेना, सूनबाईनं वेणी घालून द्यावी तेव्हा ती कामावर निघायची. आणि दुपारी बारा वाजले की तीच बोटं झरझर चालायची. मालकाला ते सगळं नाटक वाटे.

एक दिवस तो म्हणाला, "मावशी, उद्यापासून तुम्ही लेबलं चिकटवा."

"बारानंतर माझ्याशी शिलाईची पैज लावा, मग बोला."

मालक हसला. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन तिनं एक कोरी वही काढली. जागी असेल तेव्हा तासातासाला मूठ वळून पाहायची आणि किती वळली ते लिहायचं. पहाटे दुखण्यानं जाग आली, तरी आधी वही.

"आई, डॉक्टरांना कळतं की सगळं," सूनबाई वैतागून म्हणाली.

"त्यांना सांधे कळतात. माझी पहाट त्यांनी कुठं पाहिलीय?"

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "तीच गोळी, न्याहारीनंतर. सगळ्यांना तशीच देतो."

"दुखणं चढतं पहाटे चारला, गोळी पोटात जाते आठला. चोर निघून गेल्यावर पहारा बसवता होय?"

"हे बघा, वेळ आपल्या मनानं बदलायची नसते."

"बदलायची असती तर घरीच बदलली असती. विचारायला आलेय. उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही."

बाहेर रांग खोळंबली. कुणीतरी दार वाजवलं. मावशी ढिम्म.

शेवटी डॉक्टरांनी वही ओढली. दोन पानं चाळली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. आवाज जरा खाली आला. म्हणाले, शरीर दिवसभर एकसारखं नसतं. या दुखण्यात पहाटे सूज वाढते, त्यामुळे औषध कधी घेतलं यानंही फरक पडतो. झोपताना घ्यायची, काही तासांनी विरघळणारी एक गोळी आहे. "तुम्हाला चालेल का, ते आधी तपासू."

तपासण्या झाल्या, गोळी बदलली. पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मावशीनं स्वतःची वेणी स्वतः घातली आणि आठच्या ठोक्याला कारखाना गाठला. इतके दिवस चिकटवत आलेल्या लेबलांचा खोका उचलून तिनं मालकापुढं ठेवला.

"हे घ्या. माझं टेबल मोकळं करा."

मालकानं तिच्या हातांकडे पाहिलं आणि टेबल मोकळं केलं.

थंडीत बोटं अजून कुरकुरतात. तपासणीला गेली की मावशी बाकावरच्या प्रत्येकाला विचारते, "जास्त कधी होतं? लिहून आणलंय का?"

"मावशी, माझे पेशंट बिघडवू नका," डॉक्टर आतून ओरडतात.

"बिघडलेलेच येतात की तुमच्याकडे!" मावशी बाहेरून म्हणते, आणि शेजारच्या आजोबांच्या हातात पेन देते.