पाचमिनिटे

आमच्या यांचं आडनाव दुसरंच आहे, पण लिफ्टच्या कंपनीत त्यांना सगळे 'पाचमिनिटे' म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मंडळींची एक रीत आहे. बिघाड कितीही मोठा असो, कुणी 'किती वेळ लागेल हो?' विचारलं की उत्तर ठरलेलं: पाच मिनिटं. दोर बदलायचा असला तरी पाच मिनिटं, मोटर जळून कोळसा झाली असली तरी पाच मिनिटं. बाकीचे मेकॅनिक तेवढं बोलून पुढे गप्पा तरी मारतात, चहा मागतात, लिफ्ट बनवणाऱ्याचा उद्धार करतात. हे 'पाच मिनिटं' म्हणतात, तोंडाला कुलूप लावतात आणि जिना चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गडप होतात.

बावीस वर्षं मी या पाच मिनिटांबरोबर संसार करते आहे. मुलगी झाली तेव्हाही दवाखान्यात यांचा फोन आला होता, 'पाच मिनिटांत पोचतो.' पोचले तेव्हा पोरीची आंघोळ होऊन, दूध पिऊन, ती दुसऱ्यांदा झोपली होती.

मी कापडाच्या दुकानात काउंटरवर असते. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे मला तिथे रोज दिसतं. मी बोलण्यावरच जगते. इतकी, की घरात यांच्या वाटचंही मीच बोलते. डॉक्टरांसमोर पोट दुखतं यांचं आणि कुठे दुखतं ते सांगते मी. नातेवाइकांत कुणी यांना 'कसं काय?' विचारलं तर 'मजेत आहेत' हे उत्तरही माझंच. हा घुम्या माणूस माझ्या जिवावर निभावतो आहे, असं मला मनापासून वाटायचं. थोडा गर्वच होता म्हणा ना.

पण अडकलेल्या लिफ्टपाशी मी नसते. तिथे यांची पंचाईत व्हायला लागली. चार महिन्यांत तीन तक्रारी आल्या. तिसरी होती आमच्या घरापासून जवळच्याच एका सहा मजली इमारतीतल्या मोठ्या बाईंची. या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. साऱ्या इमारतीला त्यांचा धाक. त्यांनी साहेबांना पत्रच लिहिलं: 'आपले मेकॅनिक पाच मिनिटं म्हणून गेले. त्यानंतर त्रेचाळीस मिनिटं मी अंधारात उभी होते आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. मध्येच लिफ्ट न सांगता हलली. मला वाटलं, संपलं सगळं.'

साहेबांनी यांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "हात तुमचा सोन्याचा आहे, पण तोंडाचं काय करू? तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, करून या. त्यानंतर एक जरी तक्रार आली, तरी तुम्हाला स्टोअरमध्ये बसवणार."

स्टोअर म्हणजे जाळीची खिडकी आणि मागे नटबोल्टचे खोके. मोटरवर नुसता तळहात ठेवून आत काय दुखतंय ते ओळखणारा हा माणूस. त्याला खिडकीत बसवायचं म्हणजे पोहणाऱ्याला पंपावर पाणी भरायला बसवण्यासारखं. त्या दिवशी हे जेवताना दोनदा घास हातात धरून थांबले.

प्रशिक्षणाचं नाव लांबलचक होतं: 'व्यावसायिक संवादकौशल्य'. शिकवणारी बाई आमच्या पुतणीच्या वयाची. पहिल्या दिवशी हे वही घेऊन आले आणि ती वही मी लगेच वाचून काढली. कुणाची वही न विचारता वाचू नये, हे त्यात नव्हतं. यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: आधी ऐका. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा. काही करण्याआधी काय करणार ते सांगा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा आणि बाजूला प्रश्नचिन्ह.

मग घरात सराव सुरू झाला आणि माझ्या नाकी नऊ आले.

"भाजी खारट झालीय," मी म्हणावं.

"म्हणजे तुझं म्हणणं असं, की भाजीत मीठ जास्त पडलं आहे."

"हो."

"हं," म्हणून हे पुन्हा जेवायला लागायचे. दोन दिवसांत मी इतकी वैतागले, की दुकानातून घरी येताना पावलं जड व्हायला लागली.

तिसऱ्या दिवशी यांनी तिथला एक खेळ घरी आणला. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकाने चित्राचं वर्णन करायचं आणि दुसऱ्याने न बघता ते काढायचं. मी म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ. मी किटली सांगायला घेतली. गोल पोट, चोच जरा वाकडी, माझ्या माहेरी होती अगदी तशी, तिचं झाकण सारखं हरवायचं, मग धाकटी बहीण वाटी झाकायची, त्यावरून आई काय चिडायची! पंधरा मिनिटांनी मी ऐटीत मागे वळले, तर यांचा कागद कोरा.

"अहो, काही काढलंच नाही?"

"तू थांबलीस की काढणार होतो," हे म्हणाले.

मी हसले आणि विषय संपवला. पण ते वाक्य पायात बारीक काटा राहावा तसं राहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बहिणीकडे जेवायला निघालो होतो. वाटेतच यांचा फोन वाजला. मोठ्या बाईंच्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मधे अडकली होती. आणि आत कोण? खुद्द मोठ्या बाई. खाली पेपर आणायला गेल्या होत्या, फोन घरातच.

आम्ही तसेच तिकडे वळलो. मला डोळ्यांसमोर जाळीची खिडकी दिसायला लागली.

मशीनची खोली गच्चीवर, बाई आत आणि त्या लिफ्टमधला फोन कधीचा मुका. तेव्हा यांनी मला तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी उभं केलं, स्वतःच्या फोनवरून माझ्या फोनला कॉल लावला, स्पीकर चालू केला आणि म्हणाले, "फटीशी धरून ठेव. तू बोलू नकोस." मग वॉचमनला घेऊन वर गेले. मी दोन्ही हातांनी फोन दाराच्या फटीशी धरून उभी राहिले.

आधी खाकरल्याचा आवाज आला. मग यांचा, वही वाचल्यासारखा:

"बाई, म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुम्ही लिफ्टमध्ये अडकला आहात."

"म्हणणं कसलं!" आतून बाई कडाडल्या. "अडकलेच आहे मी! तुम्हीच का ते पाच मिनिटंवाले?"

"हो."

"मग आज किती? पाचच का?"

माझ्या जिभेवर वाक्यांची रांग लागली होती. बाई, ते फार हुशार आहेत. बाई, काळजी करू नका. बाई, आत्ता निघेल बघा. एक वाक्य तर दातांपर्यंत आलं. तेवढ्यात तो कोरा कागद आठवला. मी फोन एका हातात घेतला आणि दुसरा हात स्वतःच्या तोंडावर दाबला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. फार अवघड गेलं, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने आवाज आला. या वेळी तो वहीतला नव्हता.

"माहीत नाही, बाई. किती वेळ लागेल ते आत्ता सांगता येत नाही. पण लिफ्ट पडणार नाही. तिच्या खाली लोखंडी जबडे असतात, ते रुळांना घट्ट धरून बसलेत. घट्ट धरलंय म्हणूनच सोडवायला वेळ लागणार. मी इथून हलत नाही."

बाई आतून हळूच म्हणाल्या, "बरं."

"आता मी हाताने चाक फिरवतोय. लिफ्ट वीतभर वर जाईल. 'कड्' असा आवाज येईल. तो आवाज चांगला, घाबरू नका."

आवाज आलाच नाही. यांनी तेही सांगितलं. "नाही झालं, बाई. एक बाजू सुटत नाहीय. जरा दम घेऊन पुन्हा करतो."

"घ्या दम," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मागच्या वेळी का नाही बोललात हो असं? मी केवढी घाबरले होते."

मला वाटलं, आता हे 'हं' म्हणणार.

"मीही घाबरतो, बाई," फोनमधून आलं. "आत माणूस असला की माझे हात थरथरतात. बोललो तर आवाजही थरथरेल, आणि आतल्याला कळेल, म्हणून बोलत नाही. ती पाच मिनिटं मी स्वतःलाच सांगत असतो, धीर यावा म्हणून."

मी तिथेच दाराशी खाली बसले. फोन फटीशी धरलेला, डोळ्यांना धार. बावीस वर्षं मी या माणसाला घुम्या म्हणत आले, माठ म्हणत आले, चारचौघांत थट्टा केली. त्याला भीती वाटते हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार तरी कसं? त्याच्या पोटात काय दुखतं ते सांगायला मीच पुढे.

आत बाई हसल्या. "तुमचे हात थरथरतात, माझे पाय थरथरतायत. जमलं म्हणायचं आपलं. फिरवा चाक."

मग दोघंही बोलत राहिले. बाईंनी 'अजून किती?' असं आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर 'माहीत नाही'. यांनी कोणता बोल्ट हातात आहे ते सांगितलं, वॉचमनने ब्रेकची दांडी धरलीय ते सांगितलं, वरच्या खिडकीत कबुतराने घरटं केलंय तेही सांगितलं. कबुतराचं वहीत नव्हतं! बाईंनी अंडी किती ते विचारलं. दोन. तेवढ्यात 'कड्' असा आवाज आला आणि बाई आतून ओरडल्या, "आला हो, चांगला आवाज आला!" फोन मांडीवर ठेवून मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

लिफ्ट चौथ्या मजल्याला लागली. मी धावत एक जिना चढले, हेही हात पुसत खाली आले. मोठ्या बाई बाहेर आल्या, चष्मा नीट केला आणि सवयीने मनगट वर केलं.

"घड्याळ बघायचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या.

अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. मी बघितली होती, पण बोलले नाही. दिवसभरात दुसऱ्यांदा!

बाईंनी साहेबांना पत्र लिहिलंच. सोमवारी यांना बोलावणं आलं तेव्हा माझं दुकानात लक्ष नव्हतं, एका बाईला तर मी पडद्याचं कापड झग्यासाठी दाखवलं. संध्याकाळी यांनी पत्राची प्रत माझ्यासमोर ठेवली. एवढंच होतं: 'आपले मेकॅनिक मला तीनदा "माहीत नाही" म्हणाले आणि तीनही वेळा खरं बोलले. आमच्या लिफ्टला यापुढे हेच पाठवावेत.'

कंपनीत यांना अजून पाचमिनिटे म्हणतात. एकदा चिकटलेलं नाव कुठं सुटतंय? वहीतल्या त्या शेवटच्या ओळीपुढचं प्रश्नचिन्ह मात्र खोडलेलं आहे. मी पाहिलं. वही वाचायची खोड काही गेली नाही.

आता कामावरून फोन आला आणि मी विचारलं, "किती वेळ लागेल?" तर हे म्हणतात, "सांगता येत नाही गं. तू जेवून घे." मग मी काही बोलत नाही, थांबते. पूर्वी फोन ठेवायचे. आता तेवढ्या वेळात हे आणखी एखादं वाक्य बोलतात. दोर फार जुना झालाय, किंवा आज हात थरथरत नाहीयेत.

पाच मिनिटं म्हणायचे तेव्हा मी खुशाल जेवून मोकळी व्हायचे. आता सांगता येत नाही म्हणतात, आणि मी दोन ताटं झाकून वाट बघते.