हौद्यात माणूस नाय

शहापूर ते मुरबाड या टापूत पिकअप गाडी हळू चालवण्याचा, मध्येच उभी करण्याचा आणि वेळ पडली तर मुळीच न चालवण्याचा मान कोणा एकाला द्यायचा झाला, तर तो माझ्या आत्याच्या यजमानांनाच द्यावा लागेल. आम्ही त्यांना मामा म्हणतो. आमच्या रस्त्यावर पिकअपला हात दाखवला की गाडी थांबते, माणूस चाकावर पाय देऊन मागच्या हौद्यात चढतो आणि गाडी निघते; यात कोणाला कोणाशी बोलावं लागत नाही. मामांना हात दाखवला की गाडी थांबे, मामा स्वतः खाली उतरत, कुठे जायचंय, घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारत, केबिनमधल्या दोन जागा भरलेल्या असल्या तर त्या माणसाला जवळपास सावली कुठे आहे ते दाखवत आणि त्याला न घेताच पुढे निघून जात. मागचा अख्खा हौदा रिकामा. त्या माणसाला राग यायचा तो गाडी न मिळाल्याचा नव्हे, इतक्या प्रेमानं न मिळाल्याचा.

इतर गाड्यांच्या मागे देवांची नावं असतात, पोरांची नावं असतात, शायरी असते. मामांच्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात एवढंच होतं : ‘हौद्यात माणूस नाय’. पेंटर शिकलेला, त्यानं ‘माणसे बसविण्यास सक्त मनाई आहे’ असं सुचवलं होतं. मामा म्हणाले, “येवढं वाचेपर्यंत मानूस चढून बसतो.” गाडी सुरू करण्याआधी ते तिला एक पूर्ण प्रदक्षिणा घालत. चारही टायरांना लाथ मारत, खाली वाकून कोंबडी, कुत्रं, रांगतं पोर यांपैकी कोणी नाही ना ते बघत, मग हौद्यात डोकावत, आणि एवढं झाल्यावर आपल्या जागेवर बसून गप्प राहत. नवख्या माणसाला वाटे, देवाचं नाव घेतायत. मामा वाट बघत असायचे ती ‘टक्’ची. शेजारच्याच्या पट्ट्याची जीभ खाचेत बसल्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांचा हात किल्लीकडे जात नसे. एकदा आमच्या गावचे माजी सरपंच शहापूरला निघाले. त्यांना पोट भरपूर आणि पट्ट्याचा कंटाळा त्याहून भरपूर. त्यांनी पट्टा ओढून नुसता छातीवर धरून ठेवला. मामांनी भाताविषयी विचारलं, म्हशीविषयी विचारलं, जावयाविषयी विचारलं. पंधरा मिनिटांनी सरपंच म्हणाले, “अरे, निघायचं ना?”

“निघू की. टक् नाय आला अजून.”

“अरे, मी धरलाय ना हातानं!”

“तुमी धरलाय, पन तुमाला कोनी धरलाय?”

सरपंच उतरले, रागानं फाट्यापर्यंत गेले आणि ऊन लागल्यावर परत आले. टक् आला. गाडी निघाली.

आवणीच्या दिवसांत पाड्यापाड्यावरच्या बायका भात लावायला पिकअपमधून जातात. एका हौद्यात वीस-पंचवीस जणी, उभ्यानं, एकमेकींना धरून. मामा दोघींना केबिनमध्ये घेत आणि बाकीच्यांसाठी परत येत. बाकीच्या तोवर बांधावर बसून त्यांचा उद्धार करत. त्यांत एक मावशी फार तिखट होती. ती म्हणाली, “काय रे दादा, तुज्या हौद्यात भेंडी बसते, काकडी बसते, आमीच नाय?”

“भेंडी पडली तर मी दुसरी भेंडी देईन,” मामा म्हणाले. “तू पडलीस तर तुज्या सासूला काय देऊ?”

“तिला भेंडीच दे. खूश होईल ती.”

बांधावर हसण्याचा कल्लोळ झाला. मामाही हसले, पण दोघींनाच घेऊन गेले. हसल्यामुळे माणूस विरघळतो हा नियम त्यांना लागू नव्हता.

त्यांच्या या हट्टाची गावाला खरी ओळख झाली ती त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात. वऱ्हाड मुरबाडकडच्या एका गावी जायचं होतं. सांगितलेली मोठी गाडी ऐन वेळी आलीच नाही. बायका नटून, पोरं पावडर लावून, सगळे मामांच्या हौद्यात चढून बसलेसुद्धा. मामा आंब्याखाली जाऊन बसले आणि किल्ली बनियनच्या खिशात टाकली. भाऊ हात जोडून आला, वहिनी रडली, नवरा मुंडावळ्यांसकट येऊन म्हणाला, “काका, आजच्या दिवस!” मामा म्हणाले, “आजच्या दिवसच पडतात मानसं.” शेवटी ठरलं : शेजारच्या गावातून दोन जीपगाड्या मागवायच्या, बाकीच्यांना मामा केबिनमधून दोघं-दोघं करून पोचवणार. सगळ्यांना भीती एकच, की पहिले पोचतील ते लग्न उरकून घेतील आणि मागचे जेवणालाच जातील. मामांनी त्याचाही बंदोबस्त केला. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण करते. धवले गाणारी ती म्हातारी बसल्याशिवाय काही हलत नाही. मामांनी धवलारणीला आपल्या ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवलं. “आता लावून दाखवा लगीन,” ते म्हणाले. लग्न अडीच तास उशिरा लागलं. एकही माणूस चुकला नाही, एकाही पोराला खरचटलं नाही. तरी मामांच्या भावानं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मामा रोज त्याच्या दारावरून जाताना गाडी आणखी हळू करत, तो बोललाच तर ऐकू यावं म्हणून.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण या हट्टाचं मूळ मला ठाऊक आहे. माझा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नाही. ते मूळ तिथे आहे.

मी चौथीत असताना मामाही इतर सगळ्यांसारखेच होते. गाडी नवीन, वेग भरपूर, हौदा भरलेला. आम्ही म्हसा गावच्या जत्रेहून परत येत होतो. दुपार टळली होती. हौद्यात अठरा जण, बायका गाणी म्हणत होत्या आणि मी फाळक्याला टेकून पिपाणी वाजवत होते. एका खड्ड्यात गाडी उडाली. गाडी खाली आली, मी आले नाही. रस्त्याकडेच्या वालाच्या शेतात पडले. गाण्याच्या आवाजात कोणाला कळलंच नाही. फाट्यावर उतरताना आत्यानं डोकी मोजली आणि किंकाळी फोडली. मामा परत आले तेव्हा मी वालाच्या वेलांत बसले होते, उजव्या हातात पिपाणी, डावा हात उलटा लोंबत असलेला. मला आठवतं, ते गाडीतून उतरले आणि धावले नाहीत. त्यांना धावता येत नव्हतं. पाय एकेक करून उचलत ते माझ्यापर्यंत आले.

गावात सगळे म्हणाले, पोर वाचली, नशीब. आईसुद्धा तेच म्हणाली. मामा आमच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले, “नशीब नाय. गाडी मी चालवत होतो.” आठवड्याभरात फाळक्यावर पिवळी अक्षरं आली. केबिनमध्ये मधल्या जागेला पट्टाच नव्हता. शहापूरच्या एका गॅरेजात दिवसभर बसून त्यांनी तो लावून घेतला.

मग माझी सातवी झाली. आमच्या पाड्यावरची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा शहापूरला, अकरा किलोमीटर. संध्याकाळची एसटी फाट्यापर्यंत यायची, पण शाळेच्या वेळेला सकाळची फेरी नव्हती. आम्ही सहा मुली होतो. दुसरा एक पिकअपवाला सहाही जणींना हौद्यात उभं करून न्यायला तयार होता. माझे वडील ओट्यावर मामांना म्हणाले, “त्याच्या गाडीतून जायचं तर जाऊ दे, नायतर सातवी पुरे झाली. घरात कोन शिकलंय येवढं?” माझं शिक्षण त्या ओट्यावर, त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. मी दाराआड उभी होते. हौद्याचं नाव काढलं तरी माझ्या कोपरात कळ यायची, आणि तरीही मी मनात म्हणत होते, उभ्यानं जाईन, लोंबकळत जाईन, पण जाईन.

मामा म्हणाले, “सहाच्या सहा मी नेईन. पन हौद्यात नाय.”

“गाडीत जागा दोन,” वडील म्हणाले.

“मंग तीन फेऱ्या.”

“रोज?”

“शाळा रोज असते ना?”

आणि तीन वर्षं, आठवी ते दहावी, मामांनी रोज सकाळी तीन फेऱ्या मारल्या. मंडईत न्यायची भेंडी त्यांनी तीन वाटण्यांत विभागली. दर फेरीला मागे दोरीनं बांधलेले क्रेट आणि पुढे पट्ट्यात बांधलेल्या दोन मुली. व्यापारी म्हणायचा, “ओ, एकदाच का नाय आणत?” मामा म्हणायचे, “भेंडीला टाइम हाय. पोरी यायच्यात मागून.” पहिल्या दिवशी मला पट्टा ओढता येईना. तो डाव्या खांद्यावरून येतो, आणि माझा डावा हात तिथवर पोचत नव्हता. शेजारची मैत्रीण मदतीला आली तर मामांनी तिला थांबवलं. “ज्याचा पट्टा त्यानं लावाचा. उद्या ही नसेल शेजारी, मंग?” मी उजवा हात मानेवरून फिरवून पट्टा पकडायला शिकेपर्यंत गाडी उभी होती. मामा समोर काचेतून बघत होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एका पावसाळ्यात गाडी पाड्यावरच सुरू होईना, तर सहाही जणींना एका रांगेत, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं, स्वतः रस्त्याकडे राहून त्यांनी शहापूरपर्यंत चालत नेलं. सापगावच्या पुलावर एक पिकअपवाला थांबून म्हणाला, “टाक पोरी मागं, सोडतो.” मामा म्हणाले, “चालत गेलेला मानूस पोचतो.” आम्ही पोचलो. तिसरा तास चालू होता. बाईंनी आमच्या चिखलाकडे पाहिलं आणि पुस्तकं उघडायला सांगितली.

पहिली फेरी कायम माझी. सव्वाआठला मी शाळेच्या व्हरांड्यात, आणि शाळा साडेदहाला. मला याचा फार राग यायचा. बाकीच्या मुली घरी गरम भाकरी खाऊन येत आणि मी आणि माझी मैत्रीण बंद वर्गांसमोर बसून राहत असू. मैत्रीण दप्तरावर डोकं ठेवून झोपे. मला झोप येत नसे, म्हणून मी पुस्तक काढे. दुसरं करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. रोजचे सव्वादोन तास, तीन वर्षं. आमच्या घरात पहिली पदवी माझी, असं लोक कौतुकानं सांगतात तेव्हा हुशारीचं नाव घेतात. मला तो व्हरांडा आठवतो, आणि दुसऱ्या फेरीसाठी वळणाऱ्या गाडीचा फाळका.

आज मी शहापूरला एका कार्यालयात काम करते. आमच्या रस्त्यावर अजूनही हौदे भरून जातात; एखादं पोर फाळक्यावर बसलेलं दिसलं की मी गाडी पुढे घालून थांबवते आणि भांडते. लोक म्हणतात, ही त्याच मामाची भाची. मामांनी मात्र गाडी चालवणं सोडलं. कोणी सोडायला लावलं नाही. एका सकाळी पाड्याच्या वळणावर बकरी अगदी जवळ आल्यावर त्यांना दिसली. बकरीला काही झालं नाही. त्यांनी गाडी अंगणात लावली, प्रदक्षिणा घातली आणि किल्ली आत्याच्या हातात दिली.

गेल्या महिन्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी माझी छोटी जुनी गाडी घेऊन गेले. त्यांनी चारही टायरांना लाथ मारली, वाकताना गुडघ्यावर हात ठेवून खाली बघितलं, आणि डाव्या जागेवर येऊन बसले. मी माझा पट्टा लावला. मग कित्येक वर्षं मनात असलेलं विचारलं, “मामा, पहिल्या फेरीला नेहमी मीच का? किती झोप मोडली माझी!”

त्यांनी आपल्या बाजूचं दार पुन्हा एकदा ओढून बघितलं. मग म्हणाले, “पयल्या फेरीला माजं डोळं ताजं असतात, गो बाय.”

मामांनी पट्ट्याकडे हात नेला. त्यांचा डावा खांदा हल्ली वर जात नाही. हात अर्ध्यावर गेला, खाली आला. पुन्हा गेला. मागे पाड्याच्या वाटेवर एक टेम्पो येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवू लागला. माझा हात त्यांच्या बाजूला जायला निघाला होता, तो मी मागे घेतला. समोर काचेतून बघत राहिले. टेम्पोवाला ओरडला, “ओ ताई, हलवा की!” मी हलले नाही. शेजारी मामांनी उजवा हात मानेवरून फिरवला, माझ्यासारखा, आणि पट्टा ओढताना होणारा तो घर्र आवाज हळूहळू पुढे येऊ लागला. मध्येच थांबला. पुन्हा आला.

टक्.

मी किल्ली फिरवली.