पडद्यावरचा लोलक

किस्से जमवावे लागत नाहीत. फिजिक्सच्या मास्तरला एक कॉम्प्युटर द्या, बाकीचं लेकरं बघून घेतात! आमच्या जवळा बाजारकडच्या कॉलेजात तो आला, सोबत प्रयोगांची सीडी. माउस ओढला की तोफ उडे, लोलक हले. मी तर हवेतच!

*

उद्घाटनाला चेअरमनसाहेब. त्यांनी गुरुत्वाकर्षण शून्यावर नेलं आणि तोफ उडवली. गोळा पडद्याबाहेर गेला तो गेलाच! साहेब बराच वेळ वाट बघून हळूच म्हणाले, "सर, कोणाच्या वावरात पडला बघा. बैलं असतेत तिथं!"

*

लोलकाची वीस दोलनं मोजायची होती. तेराव्याला लाइट गेली. मागून आवाज आला, "सर, तेरा धरून ठेवतो!" दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं चौदापासून मोजलं आणि उत्तर बराबर आलं! खोटं वाटलं तर वाटू द्या.

*

लॅबचे शिपाई गफारमामा. खऱ्या लोलकाचे पितळी गोळे, दोरे त्यांच्या कपाटात. सीडी आल्यावर मी त्या कपाटाला कुलूप घातलं. मामा म्हणाले, "सर, गोळा केवढा जड, ते लेकरायला कसं कळावं?"

"मामा, वजन कोपऱ्यात लिहून येतं!"

हे वाक्य मी स्टाफरूममध्ये महिनाभर मिरवलं. आता आठवलं की जीभ चावतो.

*

सुनीता राठोड, तांड्यावरून सायन्सला आलेली पहिली पोरगी. बाप सांगून गेला होता, "गुरुजी, बारावी पास झाली तर परभणीला धाडतो. न्हाई तर शिक्षण बंद."

एकदा ती म्हणाली, "सर, खरा लोलक लटकवून पाहू का?"

"काहून? पडद्यावर तुझं उत्तर चुकतं का?"

"न्हाई."

"मग झालं!"

कपाटाची चावी माझ्याच खिशात होती.

*

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांना खरी उपकरणं लागत होती, मी कपाट उघडून दिलं. सुनीताला लोलकच निघाला. तिनं दोरा बांधला, गोळा सोडला, मोजायला लागली.

सीडीत हवेचा अडथळा बंद करायची सोय होती. आकडे स्वच्छ यावेत म्हणून मी तो पहिल्याच दिवशी बंद केला होता. वर्षभर आमचा लोलक कधी मंदावला नव्हता.

इथं झोका लहान होत गेला. सुनीता थांबली. गाठ तपासली, गोळा ओढणीनं पुसला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

तिनं कोरा कागद परीक्षकांपुढं ठेवला. मी दारातच उभा होतो.

"काय झालं, बाळ?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, गोळा माझ्या हातानं बिघडला. आमच्या सरांनी चांगला दिला होता."