सगळ्यांनी मिळून आवळलेले नट

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत, भडगावच्या अक्कावर घोर अन्याय झाला. अन्याय करणारी मी.

(असं वाक्य मी पत्रकात कधी लिहीत नाही. पत्रकात अन्याय नेहमी प्रशासन करतं.)

अक्का म्हणजे माझ्या आजोबांची, आबांची, थोरली बहीण. आखाजीला सासुरवाशिणीनं माहेरी यायचं, झोक्यावर बसून गाणी म्हणायची. पण आपापलं यायचं नाही! माहेरचा मुराळी दारात न्यायला आला पाहिजे. आबा दरवर्षी सणाच्या सकाळी धुळ्याहून आपली जुनी अ‍ॅम्बॅसिडर काढतात आणि अक्काला घेऊन येतात. मागच्या आखाजीला अक्काचा गुडघा अंथरुणातून उठू देत नव्हता. यंदा तिनं आठवडाभर आधी फोन केला, "झोका बांधी ठेव रे भाऊ. पुढली आखाजी कोनी देखेल शे?"

आणि नेमकी गाडी मागून खडखडायला लागली. मागच्या अ‍ॅक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, म्हणजे यू-बोल्ट, गंजून गेले होते.

"मिस्तरीकडे टाकस मी," आबा म्हणाले.

"का म्हणून?" मी उसळले. "गाडी आपली, पाना आपला, मग मक्तेदारी मिस्तरीची का?"

(हे माझ्याच पत्रकातलं. पाचशे प्रती घरात पडून होत्या.)

आबा हात झटकून घरात निघून गेले. मी शेजारच्या हार्डवेअरवाल्या शेठकडून नवे बोल्ट आणले, गाडी जॅकवर चढवली, जुने काढले, नवे बसवले. इथपर्यंत मी खरोखर चांगलं काम केलं. नट बोटांनी फिरवून बसवले आणि आता फक्त आवळायचे राहिले, तेवढ्यात माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. आमच्या घरी मांडवाची मेढ रोवायची असो की पापड लाटायचे असोत, पहिल्यांदा सगळ्यांनी हात लावायचा असतो. मग नटांनीच काय पाप केलं? मी जाहीर केलं, "नट एकटीचे नाहीत! प्रत्येकानं आवळायचा!"

आईनं आधी प्रत्येक नटाला हळदीकुंकू वाहिलं, मग पाना जेमतेम टेकवला. "जास्त आवळलं तर तुटेल बिचारा." काकानं पाना धरून फोटो काढून घेतला. शेठ म्हणाले, "माल नवा आहे, उगाच दाबू नका," आणि दोन बोटांनी तराजू तोलावा तसा पाना तोलला. उरलेले नट माझ्या वाट्याचे होते. पण पाना हातात आला आणि माझं भाषण सुरू झालं! भाषण संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, नारळ फुटला आणि कोणीतरी जॅक खाली उतरवला.

आखाजीच्या सकाळी आबा आणि मी निघालो. पारोळ्याच्या पुढं एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ ताई, गाडी तिरपी चाली राह्यनी!"

"रस्ताच तसा आहे!" मी खिडकीतून ओरडले. "निवेदन दिलंय आम्ही!"

पुढं एका म्हातारीनं हात केला, एका बसवाल्यानं हॉर्न वाजवला. मला वाटलं, लोक मला ओळखायला लागले! मग खडाक आवाज झाला, मागचा अख्खा अ‍ॅक्सल सरकला आणि चाक मडगार्डात रुतून बसलं.

आबा खाली वाकले. एक नट त्यांच्या बोटांत अलगद निघून आला. त्याच्यावर कुंकू तसंच होतं.

"हाई कोनी आवळं व्हतं?"

"सगळ्यांनी, आबा."

"बठ्ठासनी म्हंजे कोनीच नही!"

एवढं बोलून ते रस्त्याकडेला, भडगावात वाटायला मी गाडीत टाकलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले. त्या पत्रकांचा तेवढाच उपयोग झाला.

सणाचा दिवस, गॅरेजं बंद. गाडी रस्त्यावर टाकून जायला आबा तयार नाहीत. तिकडून अक्काच्या सुनेचे फोनावर फोन. "सकाळपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या आहेत. जेवत नाहीत. एसटीत बसवून देते म्हटलं, तर ऐकत नाहीत."

मागून अक्काचा आवाज, "मुराळी येवाशिवाय मी जावाव नही!"

शेवटी क्रेननं मागची चाकं उचलून, टोचन करून गाडी पारोळ्याला पोचवली आणि एसटीनं भडगाव गाठलं, तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. अक्का ओट्यावरच होती, मांडीवर पिशवी घेऊन. मी माफीचं भाषण मनात तयार केलं होतं. तिनं ते सुरूच होऊ दिलं नाही.

"उना का भाऊ? हातपाय धोय," ती आबांना म्हणाली. मग पिशवीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "आखाजी तर व्हई गयी."

धुळ्याला अंगणातला झोका दिवसभर रिकामा लोंबत होता.

मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. नट, हळदीकुंकू, टाळ्या. अक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुराळी येकच ऱ्हास, पोरी. म्हनीसन तो येस." (एकच असतो, म्हणूनच तो येतो.)

तेव्हा वाचकहो, माझी मागणी एकच आहे. हे वाचून संपलं की उठा आणि आपल्या गाडीचे नट एकट्यानं आवळा. "कोणी आवळले?" याला घरातून "सगळ्यांनी" असं उत्तर आलं, तर गाडी जागची हलवू नका. आणि मला मदतीला बोलवायचंच असेल तर खुशाल बोलवा, फक्त माझ्या हातात पाना देऊ नका. मला तो माईक वाटतो!