आडीच्या आधी ठेवलेली पिशवी

मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या चेन्नई कार्यालयात वरिष्ठ मनुष्यबळ व्यवस्थापक आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी ओळख करून देतानाच सांगून टाकते, कारण सांगायला आवडतं. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात रोडरोलर चालवायचे. हे पद मिळालं तेव्हा मी बार्शीला फोन करून ते पूर्ण नावानिशी सांगितलं.

"म्हणजे करायचं काय?" वडील म्हणाले.

"माणसं कामावर घ्यायची."

"आणि काढायची?"

"वेळ आली तर काढायची."

"मग मुकादम म्हण की."

मी त्यांना संस्थेची रचना समजावून सांगितली. मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, त्याखाली विभाग, विभागाखाली देश. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आईला हाक मारून सांगितलं, पोरगी मुकादम झाली. आई म्हणाली, बरं झालं, सावलीतलं काम आहे.

काम खरोखरच सावलीतलं आहे. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमची इमारत आहे आणि आजूबाजूला सगळे लेथचे छोटे कारखाने. मुख्यालयाशी व्हिडिओवर बैठक चालू असली की मागून पत्रा कापल्याचा आवाज जातो. तिकडचे लोक दरवेळी विचारतात, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का. मी हो म्हणते. एकदाचं खरं सांगितलं असतं तर आता इतकी वर्षं हो म्हणावं लागलं नसतं.

चेन्नईत आले त्या पहिल्या वर्षी मला एक गोष्ट कळेना. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आमच्याकडे एकही माणूस रुजू होत नव्हता. निवड झालेले लोक आनंदाने होकार द्यायचे आणि मग कुणाची आई आजारी पडायची, कुणाचं घर बदलणं निघायचं. महिना संपला की सगळ्यांच्या आया एकदम बऱ्या व्हायच्या. मुख्यालयाने विचारलं, तुमचा आलेख मध्येच जमिनीला का टेकतो. मी उत्तर दिलं, हंगामी. मग कार्यालयातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवसांत आडी महिना असतो. तमिळ लोक आडीत लग्न करत नाहीत, घर घेत नाहीत, नवी नोकरी धरत नाहीत. साड्या मात्र घेतात, कारण दुकानदार सेल लावतात.

त्यानंतर मी नेमणुका आडी टाळून करायला लागले. नियमात कुठेही लिहिलेलं नाही, पण माझ्या टेबलावर तमिळ कॅलेंडर असतं. काही वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग लेखा विभागातली ती जागा आली.

निवडलेली बाई जवळच वेलचेरीत राहणारी होती. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली होती आणि आता मुलगी शाळेत जायला लागल्यावर परत शोधत होती. मुलाखतीत समितीतल्या एका परदेशी सदस्याने विचारलं, "मधल्या वर्षांत आपण काय केलंत?" ती म्हणाली, "घर केलं." सदस्य आणखी काही येईल म्हणून थांबले. काही आलं नाही. मग त्यांनी हिशेबाचे प्रश्न विचारले आणि तिने ते असे सोडवले, की ते पुढच्या उमेदवाराला नीट विचारायचंच विसरले. चार ठिकाणी तिला केवळ मधल्या खंडामुळे नकार मिळालेला होता. आमचं पत्र हातात पडल्यावर तिने चांगली वेळ बघून त्याच दिवशी सही केली.

राहिली होती फक्त वैद्यकीय मंजुरी. ती मुख्यालयातले डॉक्टर देतात आणि डॉक्टर तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेले होते. परत यायचे होते आडी लागल्यावर. इकडे त्या जागेचा निधी जुलैअखेर संपत होता. तोवर माणूस रुजू झाला नाही तर जागा पूर्व आफ्रिकेतल्या एका कार्यालयाला जाणार होती. म्हणजे मंजुरी आल्यापासून जुलै संपेपर्यंत जे काही दिवस मिळणार होते, ते सगळेच्या सगळे आडीतले.

मी मुख्यालयाकडे मुदतवाढ मागितली. कारण लिहिलं, स्थानिक सांस्कृतिक परिस्थिती. त्यांनी विचारलं, सार्वजनिक सुट्टी आहे का? मी लिहिलं, नाही. धार्मिक सण आहे का? नाही, सणाचं उलटं आहे. या विषयावर काही धोरण उपलब्ध आहे का? मी कॅलेंडरचा फोटो पाठवला. उत्तर आलं ते 'दुर्दैवाने' या शब्दाने सुरू होत होतं. तिकडून येणाऱ्या पत्रात हा शब्द पहिल्या ओळीत असला की पुढचं वाचलं नाही तरी चालतं.

मी तिला फोन करून परिस्थिती सांगितली. तिने तारखा लिहून घेतल्या. मग इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, मला स्वतःला आडीचं काही नाही. पण घरी अम्मा आहेत, माझ्या सासूबाई. मुलीला शाळेतून आणणं, जेवू घालणं, सगळं त्या करणार आहेत. त्या नाही म्हणाल्या तर मी कुठल्याच महिन्यात येऊ शकत नाही."

"त्यांच्याशी बोलू का मी?"

तिने फोन स्पीकरवर टाकला. मी माझ्या कामचलाऊ तमिळमध्ये सुरुवात केली. पलीकडून एक बारीक, ठाम आवाज बाजूला तोंड करून म्हणाला, "कोण गे ही? हिला आडी कळत नाहीं, आन् अस्क्या ऑफिसची मोठी म्हणवितें."

ते मराठी होतं. शिवाजी महाराजांच्या भावाबरोबर तंजावरला गेलेल्या लोकांचं, तमिळ हेल लागलेलं. ते जसंच्या तसं लिहायला मला जमणार नाही, जेवढं कानात राहिलं तेवढं लिहिते. त्यांचं 'अस्कं' म्हणजे आपलं 'सगळं'.

"आडी कळते मला, मामी," मी मराठीत म्हटलं. "म्हणूनच फोन केला."

पलीकडे काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुठल्या गांवचं तुम्हीं?"

"बार्शी."

"तें कुठें आलें?"

"सोलापूरजवळ."

"तें कुठें आलें?"

मी नकाशा सोडून दिला. पण एवढं झाल्यावर मी त्यांच्यासाठी 'ऑफिसची बाई' राहिले नाही. त्या मला 'पोरी' म्हणायला लागल्या, आणि पोरीला नाही म्हणणं जास्त सोपं असतं.

"पोरी, माझा थोरला आडींत कामाला लागला. मी नको म्हटलें, ऐकला नाहीं. वर्ष नाहीं झालें, नोकरी गेली."

"होतं असं, मामी. नोकऱ्या जातात."

"त्याची एकट्याची गेली नाहीं. कंपनीच गेली. अस्के लोक घरीं."

आमच्या संस्थेचं असं काही झालं तर मुख्यालयाला काय कळवायचं, हे मनात येऊन गेलं. मग मला प्रस्थान आठवलं.

आमच्याकडे जुनी माणसं प्रस्थान ठेवत. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरायचं, मग माणूस मागाहून कधीही निघो. वडिलांचा रोलर लांबच्या रस्त्यावर जायचा असला की आई त्यांची टोपी शेजारी ठेवून यायची. कॉलेजात जायला लागल्यावर मी यावरून आईशी वाद घालायचे आणि जिंकायचेही. टोपी तरी शेजारी जायचीच.

"मामी," मी म्हटलं, "आडी लागायच्या आत प्रस्थान ठेवलं तर? आमच्या ऑफिसात?"

मग त्या म्हणाल्या, "तुमच्यांत आहे हें?"

"आहे."

"बरं शिकविलेंय आईनें." त्यांनी भटजींना विचारून कळवते म्हणून फोन ठेवला.

भटजींनी परवानगी दिली, एका अटीवर. ठेवलेली वस्तू, सून कामावर रुजू होईपर्यंत, घरी परत येता कामा नये. आली तर प्रस्थान मोडलं, आणि मोडलेल्या प्रस्थानावर आडीत पाऊल टाकणं म्हणजे नुसत्या आडीपेक्षा वाईट. सासूबाईंनी मला हे दोनदा सांगितलं. मी तसं काही होणार नाही असा शब्द दिला. मी हाताखालच्या माणसांना कायम सांगत आले आहे, जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नये.

आडी लागण्याच्या आदल्या दिवशी ती एक कापडी पिशवी घेऊन आली. आत ऑफिसात घालायच्या सपाता, पाण्याचा स्टीलचा पेला, हळकुंड आणि सुपारी. मी ती माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

दोन-तीन दिवसांनी मी दुसऱ्या कामासाठी शहरात जॉर्ज टाउनला गेले होते. परतीच्या वाटेवर असताना सासूबाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"पोरी, तुमच्या गेटावरून फोन आला. सामान घेऊन जा म्हणतात."

झालं असं होतं. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्या दिवशी सगळ्या कपाटांची तपासणी काढली होती. हे सैन्यातून निवृत्त झालेले, कोइमतूरकडचे गृहस्थ. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ आहे आणि ते समोरच्यालाही पाठ असावं अशी त्यांची साधी अपेक्षा असते. माझ्या कपाटात त्यांना कर्मचारी नसलेल्या व्यक्तीची पिशवी सापडली. अशी वस्तू आवारात ठेवता येत नाही, मालकाने येऊन न्यायची. पिशवीला सासूबाईंनी स्वतःच्या हाताने फोन नंबर बांधला होता, हरवू नये म्हणून. अधिकाऱ्यांनी तो लावला.

"सून निघाली आहे तिकडे," सासूबाई म्हणाल्या. "पिशवी घेऊन घरीं आली, कीं संपलें. मी तिला कांहीं बोलणार नाहीं. पण मग पुढल्या वेळीं तुम्ही मला पोर सांभाळ म्हणूं नका."

मी ड्रायव्हरला वेगात चल म्हणाले. त्याने वेग वाढवला, म्हणजे हॉर्न वाढवला.

गिंडीला पोचले तेव्हा गेटाच्या आतल्या बाजूला दोघं समोरासमोर उभी होती. गेटवरच्या रखवालदाराने पिशवी तिच्यापुढे धरली होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. असं बराच वेळ चाललं होतं म्हणे. रखवालदाराचा हात दुखायला लागला होता आणि त्याने तो बदललेला होता. बाजूला सुरक्षा अधिकारी.

"मॅडम, ही आपली वस्तू घेत नाही," अधिकारी मला म्हणाले.

"घेणार नाही," ती म्हणाली. "सर, मला पोलिसांकडे द्या, पण पिशवी देऊ नका."

"पोलिसांचं काय काम? सपाता आहेत."

"तेच म्हणते मी."

मी पिशवी रखवालदाराच्या हातातून घेतली. त्याने लगेच दंड चोळायला सुरुवात केली. मग मी अधिकाऱ्यांना त्यांच्याच पुस्तकातला एक नियम सांगितला. नियुक्तीपत्र स्वीकारलेली व्यक्ती रुजू होण्याआधी तिचं सामान मनुष्यबळ विभागाच्या ताब्यात ठेवता येतं. परदेशातून येणारे अधिकारी आपले सोफे आणि पलंग पुढे धाडतात, त्यांच्यासाठी केलेला नियम आहे. तो वाचताना मला नेहमी वाटत आलंय की स्वित्झर्लंडची माणसंही प्रस्थान ठेवतात, फक्त कंटेनरने.

"पण मॅडम, ह्या वेलचेरीहून येणार आहेत."

"नियमात अंतर दिलेलं नाही."

त्यांनी मनातल्या मनात तो नियम वाचला. खरंच दिलेलं नव्हतं. "तसं असेल तर सामान उघडून तपासावं लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं. सपाता बघितल्या, पेला बघितला. मग हळकुंड दिसलं आणि त्यांचा हात थांबला.

"परस्तानम्?" त्यांनी तिला हळूच विचारलं.

तिने मान हलवली.

त्यांनी पिशवीचं तोंड मिटलं, अगदी जपून, पत्र परत पाकिटात घालावं तसं. "आधी सांगायचं ना, मॅडम," मला म्हणाले. "मी कपाटातून काढली तेव्हा राहुकाल चालू होता." त्यांचा चेहरा खरोखर पडला होता.

तिने सासूबाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"पिशवी गेटाच्या आंत कीं बाहेर?"

"आत, मामी. आवाराबाहेर गेलीच नाही."

"सुनेनें हातांत घेतली?"

"नाही. पाठीमागे हात बांधून उभी होती."

"कोण सांगतो?"

मी फोन सुरक्षा अधिकाऱ्यांना दिला. ते सरळ उभे राहिले आणि तमिळमध्ये, पायरीपायरीने, पूर्ण अहवाल दिला. वस्तू कुठे सापडली, कुणी उचलली, कुठवर आणली, कुणी हात लावला, कुणी लावला नाही. राहुकालाचंही लपवलं नाही. पलीकडून काही प्रश्न आले, त्यांची 'आमा, अम्मा' अशी होकाराची उत्तरं झाली. शेवटी फोन माझ्याकडे परत देत ते म्हणाले, "चालेल म्हणतायत. पण वर ठेवायला सांगितलंय, पाय लागणार नाही अशा जागी."

पिशवी त्यांनी स्वतः वर नेली आणि कपाटाला चिठ्ठी लावली, परवानगीशिवाय हलवू नये. खाली सही केली.

मंजुरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आली. आमच्याकडे नवा माणूस येतो तेव्हा रीत आहे. टेबलावर फुलांचा गुच्छ ठेवायचा, सगळ्यांनी जमायचं, मी स्वागताचे चार शब्द बोलायचे आणि त्याच दिवशी सगळ्या देशांना मेल जायची. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, उद्या स्वागत नको. अम्मा म्हणतात, पिशवी ठेवली तेव्हाच सून रुजू झाली, आता परत कसलं स्वागत."

मी गुच्छ रद्द केला आणि मेल आडी संपेपर्यंत राखून ठेवली. मुख्यालयाने विचारलं, स्वागताची मेल का नाही आली. मी लिहिलं, तांत्रिक कारण.

सकाळी ती आली. कुणी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. तसं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि आमच्याकडच्या लोकांनी हे काम फारच मनापासून केलं. ती सपाता घालून जागेवर बसली. संगणक चालू केला. थोड्या वेळाने उठून माझ्या दाराशी आली.

"मॅडम, मे महिन्याच्या ताळेबंदात एक रक्कम दोनदा धरली आहे."

ती कामावर येऊन अर्धा तासही झाला नव्हता. मी म्हटलं, "बसा. दाखवा."