स्टुडिओतला डबा आणि परवानगीची भानगड

फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. लोकांची लग्नं आम्ही निदान फोल्डरमध्ये तरी ठेवतो, किस्से मात्र कुठेही पडलेले असतात. चहा आला की एक निघतो आणि त्याला धरून दुसरा. आज फक्त बॅकअपचे सांगते, कारण तेवढ्या एका कामात आमच्यातल्या प्रत्येकाचा खरा स्वभाव बाहेर आला.

आम्ही तिघं. मालक अण्णा, ज्यांचं हळू बोलणं समोरच्या बेकरीत ऐकू जातं. किरण, लग्नात कॅमेरा चालवतो. आणि मी, माधवी. मी अल्बम करते आणि कॉम्प्युटर रुसला की सगळे माझ्याकडे बघतात.

यंदा जुना कॉम्प्युटर कटकट आवाज करायला लागला. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतली जुनी लग्नं त्यातच, दुसरीकडे कुठेही नाहीत. दुरुस्तीवाल्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "डिस्क जायला लागलीय. आत शोधाशोध करू नका, बंद-चालू करू नका. एकदाच सगळं बाहेर काढा."

म्हणून अण्णांनी नवा डबा आणला. डबा म्हणजे नेटवर्कला जोडलेली एक मोठी डिस्क. मी त्यात फोल्डर केलं, बॅकअप सुरू केला आणि स्क्रीनवर आलं, 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. परवानगी नाही.

त्याच आठवड्यात गडमुडशिंगीच्या शोभाताई आल्या. त्यांच्या लग्नाचं शूटिंग अण्णांनीच केलेलं. वडील वारले होते आणि लग्नाची सीडी आता चालत नव्हती.

"फोटो हाय वो भिंतीवर," त्या म्हणाल्या. "आवाज न्हाय कुठं. तेवढा मिळंल काय?"

"मिळंल. शब्द हाय माझा," अण्णा म्हणाले.

शब्द अण्णांनी दिला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मग मीही पदर खोचला. म्हटलं, हा डबा परवानगी देत नाही म्हणजे काय, बघतेच.

*

पहिल्या दिवशी गंमत अशी की फोल्डर उघडायचं, आतलं दिसायचं, पण त्यात काही ठेवायला गेलं की नकार.

"उघडतंय तर घेत का न्हाय?" अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे राहून विचारत होते. मागे कुणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं, हे त्यांना माहीत आहे. तरी उभे राहतात.

शेवटी कळलं की परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते. नेटवर्कवरून आत यायची वेगळी आणि आत आल्यावर फोल्डरमध्ये लिहायची वेगळी. मी पहिली दिली होती, दुसरीकडे नुसतं वाचायची मुभा होती. हे मी अण्णांना बराच वेळ समजावत होते.

त्यांनी किरणला एका वाक्यात सांगितलं, "मांडवात बोलावलंय, पंगतीत बसवलं न्हाय."

*

पंगतीत बसवल्यावर कॉपी सुरू झाली. पण किरणनं पूर्वी एकदा चुकून कुणाची तरी अख्खी मुंज पुसली होती, ती भीती अण्णांच्या मनातून गेली नव्हती. मी जेवायला गेल्यावर त्यांनी स्वतःच डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून 'सगळे' या नावापुढे 'मनाई'वर खूण केली. आता कुणी काही पुसणार नाही म्हणून खूश.

मी परत येते तर कॉपी बंद, फोल्डर बंद आणि अण्णा तिसऱ्यांदा स्वतःचा पासवर्ड टाकतायत.

"अण्णा, मनाई परवानगीच्या वर असते. आणि 'सगळे' म्हटल्यावर त्यात तुम्ही पण आलात."

"सगळ्यांत मालक धरत्यात?"

"धरतात की."

अण्णा खुर्चीवरून उठले. "मग मालक कशाला व्हायचं?"

*

ती खूण मी काढली आणि ठरवलं, दिवसभर गिऱ्हाईक असतं, कॉम्प्युटरवर इतर कामं असतात. बॅकअप दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपोआप सुरू होऊ दे. वेळ लावली आणि जेवायला गेले. आले तर पुन्हा तेच, परवानगी नाही. माझ्या हातानं ओढून टाकलं तर जातंय, आपोआप जात नाही. दोन दिवस मी त्याच्याशी भांडले. घरी भाकरी थापतानासुद्धा तेच डोक्यात.

कारण साधं होतं. आपोआप चालणारं काम माझ्या नावानं जातच नव्हतं, ते कॉम्प्युटरच्या स्वतःच्या नावानं डब्याच्या दारात उभं राहत होतं आणि डबा त्याला ओळखत नव्हता. मग मी त्या कामासाठी डब्यात एक वेगळं नाव तयार केलं, 'बॅकअप', आणि त्याला फक्त तेवढंच फोल्डर दिलं. दुपारी बरोबर वेळेवर काम सुरू झालं. मी एकटीच टाळी वाजवली.

संध्याकाळी अण्णांनी डब्यातली नावं बघितली आणि तडक माझ्याकडे आले. "ह्यो कोण नवीन माणूस ठेवलायस? मला न विचारता?"

"माणूस नाही, अण्णा. नुसतं नाव आहे. रोज वेळेवर कामाला लागतं. चहा मागत नाही, रजा मागत नाही, उलट बोलत नाही."

अण्णांनी जरा विचार केला. "मग किरणला सोडूया काय?"

किरण आतल्या खोलीत लाइट पुसत होता. त्यानं तिथूनच सांगितलं, "सोडा की. त्या बॅकअपला पाठवा हळदीच्या शूटिंगला."

*

पासवर्डचं तर विचारूच नका. अण्णांनी पासवर्ड ठेवला होता जोतिबाच्या नावाचा आणि विसरू नये म्हणून टाकताना मोठ्यानं म्हणायचे. गल्लीत तो सगळ्यांना पाठ. मी एक दिवस वैतागून सगळेच पासवर्ड बदलले.

बदलल्याबरोबर बॅकअप अडला. कॉम्प्युटरनं जुना पासवर्ड कुठेतरी जपून ठेवला होता. तोच घेऊन तो पुन्हा पुन्हा जायचा आणि डब्यानं कंटाळून 'बॅकअप'ला बाहेरच ठेवलं. किरणला वाटलं डबा बिघडला. मला मात्र लगेच कळलं. लग्नानंतर माहेरच्या नावाचं कार्ड घेऊन मी बँकेत गेले होते, तेव्हा माझंही असंच झालं होतं. माणूस तोच, खातं तेच, पण काउंटरवरचा ऐकेल तर शपथ.

जपून ठेवलेला जुना पासवर्ड काढून टाकला, नवा भरला. डब्यानं आत घेतलं. बँकेनं मात्र मला अजून नीट घेतलेलं नाही.

*

खंडेनवमी आली तेव्हा निम्म्याच्या वर लग्नं डब्यात गेली होती. मी सकाळी स्टुडिओत शिरले तर कॅमेरे, स्टँड, कात्री, सगळं पाटावर मांडलेलं, झेंडूची फुलं घातलेली, आणि अण्णा डब्याच्या वायरीला हात घालतायत.

मी ओरडलेच. "अण्णा, बॅकअप चालू आहे!"

"हत्यार हाय ते. आज पूजेला बसायचं. दसऱ्यापर्यंत कामाला लावायचं न्हाय."

इतके दिवस मशीनशी भांडून परवानगी मिळवली होती, आता नकार माणसाचा होता आणि त्याला सेटिंग नाही. जुन्या डिस्कचा आवाज तर रोज वाढत होता. अण्णांशी वाद घालून कुणी जिंकलेलं मला माहीत नाही. मी म्हटलं, "काम कुठं करतोय तो? जेवतोय. जुना वाढतोय, हा जेवतोय. नैवेद्य चाललाय."

अण्णांनी डब्याच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. हातातली वायर सोडली आणि डबा होता तिथेच त्याला हळद-कुंकू लावलं.

"जेवताना उठवू नये," ते किरणला म्हणाले.

*

दसऱ्यानंतर सगळं पोचलं, एक फोल्डर सोडून. नाव होतं 'टाकाऊ'. आम्ही लग्नाची फिल्म करताना जे कापून फेकतो ते त्यात. त्याला नुसतं बघायलासुद्धा परवानगी नव्हती, कारण ते पूर्वी इथं काम करणाऱ्या एकाच्या नावावर होतं आणि तो केव्हाच पुण्याला गेलेला.

"जाऊ द्या वैनी," किरण म्हणाला. "टाकाऊच हाय. डिस्क बघा कशी वरडायला लागलीय."

मी ऐकलं नाही. सगळं म्हणजे सगळं. त्या फोल्डरची मालकी आधी स्टुडिओच्या नावावर करून घेतली, मग परवानगी दिली, मग कॉपी लावली आणि समोर बसून राहिले. ते शेवटपर्यंत गेलं. दोन दिवसांनी जुना कॉम्प्युटर चालू झाला नाही, तो नाहीच.

शोभाताई आल्या. त्यांची फिल्म डब्यात सापडली. किरणनं लावली. वडील होते, अगदी स्पष्ट दिसत होते. फेटा बांधलेले, पावण्यांना हात जोडणारे, कुणाला तरी काहीतरी सांगणारे. ओठ हलत होते आणि वर सनई वाजत होती. तेव्हा आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आणि गाणीच घालायचो. मूळ आवाज ठेवायचाच नाही, अशी पद्धत.

शोभाताई शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आवाज न्हाय व्हय ह्यात?"

मी 'टाकाऊ' उघडलं. त्यांच्या लग्नाच्या तारखेचे तुकडे होते. पाय, मांडवाचं छत, कुणाची तरी पाठ. मी एकेक लावत गेले. एका तुकड्यात कॅमेरा चुकून चालू राहिला होता. समोर वडील उभे, अजून फेटा बांधायचा होता. मागून तरुणपणीच्या अण्णांचा आवाज आला, "मामा, जरा सरळ बघा, तुमचा एक घेतो."

वडील हसले. हातानं कॅमेरा बाजूला सारत म्हणाले, "मला कशाला घेतोस? पोरीला घे. मी हाय की हितंच."

तुकडा तिथं संपला. शोभाताई स्क्रीनकडे बघत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "परत लावा."