आप्पांचा दहावा आणि माझ्याकडची पुस्तकं

माझ्या वाचनवेडाची जाहीर कबुली मी आयुष्यात एकदाच दिली, चारशे माणसांसमोर आणि एका कावळ्यासमोर.

आप्पा म्हणजे महाळुंगे पडवळचे माझे चुलते. जन्मभर एसटी चालवली आणि जिथे मुक्काम पडला तिथून पुस्तक आणलं. वाचनाची गोडी मला त्यांनीच लावली. ते गेले तेव्हा मी ढसाढसा रडलो. (रडणं खरंच होतं. पण त्यांची बावीस पुस्तकं माझ्या कपाटात होती, हेही तितकंच खरं!)

दहाव्याला नदीच्या घाटावर प्रवचन झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली, पिंड ठेवला. कावळा आला, समोरच्या बाभळीवर बसला आणि हलेचना.

आप्पांचा थोरला मुलगा दत्ता हात जोडून म्हणाला, "आप्पा, आईला आमी अंतर देनार न्हाई."

कावळा ढिम्म. धाकट्याने बांधाचं भांडण जागच्या जागी मिटवलं. जावयाने दारू सोडली! कावळ्याने नुसती मान फिरवली. ऊन चढलं. मेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, हे कुणाला सांगायला नको.

"काय राह्यलं वो तुमचं?" काकूंनी हंबरडा फोडला.

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. मी पुढे झालो आणि पुटपुटलो, "आप्पा, तुमची तीन पुस्तकं माझ्याकडं हायेत. देतो."

कावळा एक फांदी खाली उतरला!

"मोठ्यानं बोला की राव, त्येला ऐकू जाऊ द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सात!"

आणखी एक फांदी.

"सात?" बायकांमधून आमच्या मंडळींचा आवाज आला. "आवो, कपाट भरलंय की! मला तर सांगितलं व्हतं, इकत आनली!"

सुतकातली माणसं तोंडाला उपरणं लावून हसू दाबायला लागली. गर्दीतले दोघेतिघे मात्र हळूच चपला शोधू लागले. (आप्पांची पुस्तकं नेणारा मी एकटाच नव्हतो!)

"बावीस!" मी ओरडलो. "उद्या समदी आणून देतो, आप्पा!" आणि तिथेच मला रडू फुटलं. वाचलेल्या पुस्तकावर तासभर हुज्जत घालायला आता मला कुणीच उरलं नव्हतं.

कावळा पिंडावर उतरला. काकूंनी डोळे पुसले आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस पुस्तकं पोचती केली. काकूंनी एकेक पदराने पुसून फळीवर लावलं. "आता कोन वाचनार ही?" त्या म्हणाल्या. मला राहवलं नाही. त्यातली दोन मी मागून घेतली.

त्याला आता तीन वर्षं झाली. काकू ब्याऐंशीच्या आहेत, तब्येत तोळामासा असते. मी रोज देवापुढे हात जोडतो, "देवा, काकूंना उदंड आयुष्य दे. त्या दोनांतलं दुसरं पुस्तक माझं अजून निम्मंच वाचून झालंय!"